कावेरीचा जुना कागद

बंगळूर शहरातून दक्षिणेकडे होसूरचा रस्ता धरला, म्हणजे शहर संपता संपता बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातील हे गाव एकेकाळी शेतीवर आणि तळ्यावर जगत होते. आज तेथे कारखाने आहेत, मोठी रुग्णालये आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून बंगळूरच्या मेट्रो रेल्वेच्या पिवळ्या मार्गाचे ते अखेरचे स्थानक झाले आहे. या मुलखातील कितीतरी गावांच्या नावांअखेर 'संद्र' हा शब्द येतो. तो 'समुद्र' या शब्दाचाच झिजलेला अवशेष असून त्याचा अर्थ मोठे तळे, असे मानले जाते. पाण्यावरून नाव घेतलेल्या या गावापासून थोड्याच अंतरावर, अत्तिबेले येथे, कर्नाटकाची हद्द संपते आणि तमिळनाडूची सुरू होते.

एरवी ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही. होसूरकडचा कामगार सकाळी अलीकडे येतो, अलीकडचा व्यापारी दुपारी पलीकडे जातो, आणि कन्नड व तमिळ या दोन्ही भाषा एकाच चहाच्या दुकानात सुखाने नांदतात. परंतु २०१६ च्या सप्टेंबरात हे चित्र काही दिवस पालटले. त्या महिन्याच्या बारा तारखेस बंगळुरात बसगाड्या पेटल्या, शहराच्या काही भागांत संचारबंदी पुकारावी लागली, दोन्ही राज्यांची वाहने हद्दीवर थांबली, आणि प्रवासी आपले सामान डोक्यावर घेऊन पायीच हद्द ओलांडू लागले. कारण काय, तर कावेरी नदीतून तमिळनाडूसाठी दररोज किती क्युसेक पाणी सोडावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश.

एखाद्या परदेशी पाहुण्याने ते दृश्य पाहिले असते, तर ही दोन राष्ट्रांची सरहद्द असावी असे त्याला वाटले असते. त्याची ही समजूत चुकीची ठरली असती. परंतु ती सर्वस्वी निराधार नव्हती. कारण या कलहाच्या मुळाशी असलेले कागद दोन प्रांतांनी एकमेकांना लिहिलेले नाहीत. एक पक्ष होता म्हैसूरचे संस्थान, आणि दुसरा होता ब्रिटिश साम्राज्याचा मद्रास इलाखा. नाईल असो, सिंधू असो वा कावेरी असो, पाण्यावरून चालत आलेल्या दीर्घ भांडणांचा शोध घेऊ लागले, की बहुधा असा एखादा जुना कागद हाती लागतो. तो ज्या दिवशी लिहिला गेला, त्या दिवशी कोण बलवान होता आणि कोण दुर्बळ, हे त्यातून वाचता येते. कावेरीचा कागद या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

प्रथम नदीचा स्वभाव पाहिला पाहिजे. कावेरी कोडगूच्या डोंगरात तलकावेरी येथे उगम पावते, म्हैसूरच्या पठारावरून वाहते आणि तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात अनेक फाटे फोडून बंगालच्या उपसागरास मिळते. तिला पूर येतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळातील नैर्ऋत्य मोसमी पावसाने, आणि तो पाऊस पडतो वरच्या अंगाला. तंजावरचा स्वतःचा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. तेथील कुरुवै भाताची लावणी मात्र जूनमध्येच करावी लागते. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात ते यासाठीच. तेव्हा खालच्या शेतकऱ्याला पाणी नेमके त्या महिन्यांत हवे असते, ज्या महिन्यांत वरचा शेतकरीही आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पाऊस चांगला झाला तर दोघांचेही भागते. तो ओढला, म्हणजे एकाच घागरीवर दोन हात पडतात.

इतिहासाने या नदीला आणखी एक विषमता दिली. खालच्या प्रदेशातील सिंचन अतिशय पुरातन आहे. चोळ राजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला कल्लणै हा बंधारा सुमारे दोन हजार वर्षांचा मानला जातो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने जुन्या कालव्यांच्या व्यवस्थेला नवे बळ दिले आणि १८३६ साली कोळ्ळिडम या फाट्याच्या मुखाशी वरचा बंधारा बांधला. वरचा प्रदेश मात्र उंचसखल आणि खडकाळ. तेथे नदी खोल पात्रातून वाहते. ते पाणी शेतात चढवायचे तर मोठे धरण हवे, आणि मोठे धरण हे आधुनिक काळाचे अपत्य आहे. त्यामुळे पाणी पडते वर, परंतु त्याचा वापर शतकानुशतके वाढला तो खाली.

मराठी श्रोत्यांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट या इतिहासात आहे. सतराव्या शतकात या नदीच्या दोन्ही अंगांना एकाच मराठी घराण्याची सत्ता काही काळ नांदली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरचे राज्य हस्तगत केले. पुढे १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडले आणि त्यांच्याकडून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयर यांच्याकडे गेले. तंजावर मात्र भोसल्यांकडेच राहिले. याच चिक्कदेवरायांनी कावेरीवर बांध घातला आणि खालचे पाणी तुटले. तेव्हा मदुरेची राणी मंगम्माळ आणि तंजावरचे शहाजी भोसले, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, यांनी १७०० च्या सुमारास म्हैसूरविरुद्ध एकत्र येण्याचे ठरवले, असा वृत्तान्त त्या काळच्या जेझुइट धर्मोपदेशकांच्या पत्रांत आढळतो. लढाईची वेळ आली नाही. अतिवृष्टीने तो बांधच वाहून गेला.

या प्रसंगाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर कावेरीचा कलह कन्नड आणि तमिळ या दोन भाषांच्या वैरातून जन्मला, ही समजूत त्याने खोटी ठरते. खालच्या पाण्यासाठी त्या वेळी एका मराठी राजाने कंबर कसली होती. पुढेही असेच दिसते. म्हैसूरची बाजू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांच्या कारकिर्दीत मांडली गेली, ते दिवाण शेषाद्री अय्यर पालघाटकडील एका तमिळ कुटुंबातले होते. मनुष्य नदीच्या ज्या काठावर उभा राहतो, त्या काठाची भाषा तो बोलू लागतो. दुसरी गोष्ट अशी, की त्या काळी हा प्रश्न निसर्गाने सोडवला. मातीचा बांध पुराने फुटतो. मात्र कागदावर घातलेला बांध पुराने फुटत नाही.

तो कागद १८९२ साली लिहिला गेला. तोपर्यंत दोन्ही राज्यांचे दैव पालटले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणात टिपू पडला आणि म्हैसूरची गादी वोडेयरांना परत मिळाली ती इंग्रजांचे अंकित म्हणून. त्याच वर्षी तंजावरच्या सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला, आणि १८५५ साली ते राज्यही खालसा झाले. म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश प्रत्यक्ष इंग्रजी अंमलाखाली गेला, आणि तेथील प्रत्येक एकराचा शेतसारा मद्रास सरकारच्या तिजोरीत पडू लागला. इकडे म्हैसूरचा कारभारही १८३१ पासून १८८१ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षे, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. १८८१ मध्ये राज्य परत मिळाल्यावर म्हैसूरने आपली तळी आणि बंधारे दुरुस्त करावयास घेतले, आणि मद्रासच्या अधिकाऱ्यांना खालचे पाणी घटण्याची चिंता वाटू लागली. १८९० साली उटकमंड येथे परिषद भरली, आणि १८ फेब्रुवारी १८९२ रोजी करार झाला.

कराराचा मुख्य आशय थोडक्यात सांगता येतो. परिशिष्टात नमूद केलेल्या नद्यांवर म्हैसूरने सिंचनाचे नवे काम मद्रासच्या पूर्वसंमतीवाचून करू नये. या यादीत केवळ कावेरी नव्हती. तुंगभद्रा, पालार, पेन्नार याही नद्या होत्या. मद्रासने संमती अडवायची ती जुन्या, प्रस्थापित हक्कांच्या रक्षणापुरतीच, असे बंधन त्याच्यावरही होते. वाद झाला तर लवादाची तरतूद होती. शब्द समतोल होते. परंतु एक पक्ष सार्वभौम सत्तेचा घटक होता, आणि दुसऱ्या पक्षाची गादी त्या सत्तेच्या मर्जीवर होती. लवादाच्या निर्णयावर अखेरचा शब्दही त्याच सत्तेचा असणार होता.

याचा प्रत्यय पुढील पिढीत आला. १९०२ साली शिवसमुद्रम येथे कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण होऊ लागली व ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. या विजेसाठी वर्षभर पाणी हवे आणि मंड्याच्या कोरड्या रानाला कालवा हवा, या दोन्ही हेतूंनी कण्णंबाडी येथे मोठे धरण बांधण्याची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली. विश्वेश्वरय्या महाराष्ट्राला परके नव्हेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या योजनेतील धरणाचा साठा ४१.५ अब्ज घनफूट होता. मद्रासचीही मेट्टूर येथे ८० अब्ज घनफुटांचे धरण बांधण्याची मनीषा होती. मद्रासने म्हैसूरला ११ अब्ज घनफुटांपुरती संमती दिली. म्हैसूरने काम सुरू केले, पण पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाला पेलेल असा रुंद घातला. संमती लहान धरणाची आणि पाया मोठ्या धरणाचा, यातच त्या काळच्या संस्थानी मुत्सद्देगिरीची सारी कहाणी आली.

वाद लवादाकडे गेला. १९१४ मध्ये ग्रिफिन यांनी दिलेला निवाडा म्हैसूरला अनुकूल होता, आणि १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने तो मान्यही केला. मद्रासने लंडनच्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली, आणि १९१९ मध्ये प्रश्न पुन्हा उघडला गेला. अखेर दीर्घ वाटाघाटींनंतर १८ फेब्रुवारी १९२४ रोजी, म्हणजे पहिल्या करारानंतर बरोबर बत्तीस वर्षांनी त्याच तारखेला, दुसरा करार झाला. म्हैसूरला कृष्णराजसागर बांधता आले, मद्रासला मेट्टूर. नव्या सिंचनासाठी कृष्णराजसागराखाली म्हैसूरला १ लाख २५ हजार एकर, तर मेट्टूरखाली मद्रासला ३ लाख १ हजार एकर अशी मर्यादा ठरली. पन्नास वर्षांनी काही कलमांचा फेरविचार व्हावा, असेही त्यात लिहिले गेले. त्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात काय काय घडणार आहे, याची कल्पना सह्या करणाऱ्यांना असणे शक्य नव्हते.

असेच कागद त्या काळी अन्यत्रही लिहिले जात होते. १९२९ साली ब्रिटनने आपल्या आफ्रिकी वसाहतींच्या वतीने इजिप्तला वचन दिले, की नाईलच्या वरच्या अंगाला इजिप्तच्या संमतीवाचून त्याच्या हिताला बाधक असे काम होणार नाही. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी नदीचे सारे पाणी ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर असे आपसांत वाटून घेतले. ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून नाईलचे सुमारे पंच्याऐंशी टक्के पाणी येते, तो त्या बैठकीत नव्हताच. त्या इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर प्रचंड धरण बांधावयास घेतले आणि २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले. इजिप्त आपल्या पुरातन वापराकडे बोट दाखवतो, इथिओपिया आपल्या अनुपस्थितीकडे. तंजावर आणि मंड्या यांचे संभाषणही याच दोन वाक्यांत चालत आले आहे.

तंजावरचा शेतकरी म्हणतो की हे पाणी आमच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षे वापरले. लक्षावधी कुटुंबांची चूल त्यावर पेटते. ती विझवून नवी शेती उभी करणे हा न्याय नव्हे. मंड्याचा शेतकरी म्हणतो की आमचे हात बांधलेले होते, म्हणून आम्ही मागे राहिलो. ज्या मागासलेपणाला करार कारण झाला, तेच आज आमचा हक्क कमी असल्याचा पुरावा म्हणून पुढे येते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. एक बाजू लबाड असती, तर तो केव्हाच सुटला असता. १९७२ साली केंद्र सरकारच्या तथ्यशोधन समितीने वापराचे आकडे काढले तेव्हा तमिळनाडूचा वापर ४८९ अब्ज घनफूट आणि कर्नाटकाचा १७७ अब्ज घनफूट असा दिसला. एका बाजूस तो आकडा वहिवाटीचा पुरावा वाटला, दुसऱ्या बाजूस अन्यायाचा.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने कोडगू म्हैसूर राज्यात आले, आणि नदीचा उगम व वरचा प्रवाह एका हाताखाली गेला. १९७४ मध्ये पन्नास वर्षे भरली. कर्नाटकाच्या मते करार संपला. तमिळनाडूच्या मते संपला नव्हता, फक्त काही कलमे फेरविचारास पात्र झाली होती. दरम्यान हेमावती, हारंगी, काबिनी या उपनद्यांवर कर्नाटकाची धरणे उभी राहिली. बोलणी फिसकटली, आणि जून १९९० मध्ये न्यायाधिकरण नेमले गेले. त्याने १९९१ मध्ये वर्षाला २०५ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा अंतरिम आदेश दिला. कर्नाटकाने तो निष्प्रभ करणारा वटहुकूम काढला, सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात बंगळूर व म्हैसूरच्या बाजूला तमिळ भाषकांवर हल्ले झाले. हजारो माणसे घर सोडून निघाली. १८९२ च्या करारात ज्यांच्या पणजोबाचाही संबंध नव्हता, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

न्यायाधिकरणाचा अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ रोजी आला. नदीत ७४० अब्ज घनफूट पाणी धरून त्याने तमिळनाडूस ४१९, कर्नाटकास २७०, केरळास ३० आणि पुदुच्चेरीस ७ अब्ज घनफूट दिले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार केला. तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ आणि कर्नाटकाचा २८४.७५ झाला. हा निर्णय इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. जुने करार दडपणाखाली झाले म्हणून मुळातच रद्द होते, हे कर्नाटकाचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. परंतु १९२४ चा करार १९७४ मध्ये संपला, असे त्याने ठरवले. नदी ही राष्ट्रीय संपत्ती असून कोणतेही एक राज्य तिचा मालक नव्हे, हेही त्याने सांगितले. म्हणजे जुन्या कागदाला त्याच्या काळापुरता मान दिला, आणि पुढच्या काळावरून त्याचा हात उचलला.

या निर्णयात बंगळूर शहराला एक स्थान मिळाले. शहराचा सुमारे एक तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो. उरलेल्या भागाचे पाणी दुसरीकडे उतरते. या कारणाने न्यायाधिकरणाने त्याच्या पिण्याच्या पाण्याचा विचार आखडता केला होता. न्यायालयाने ही रेषा बाजूला सारून ४.७५ अब्ज घनफूट पाणी शहरासाठी वाढवून दिले. तहानेला खोऱ्याची सीमा विचारू नये, असा त्याचा अर्थ घेता येईल. मात्र हे पाणी आले ते तंजावरच्या वाट्यातून, हेही विसरता येत नाही. ज्या शहराच्या परिसराने आपली तळी बुजवली, सांडपाण्याने भरली आणि त्यांची नावे तेवढी गावांच्या पाट्यांवर ठेवली, त्या शहराला दूरच्या शेतकऱ्याचे पाणी मिळाले असेल, तर त्याबरोबर काही कर्तव्यही आले.

मराठी माणसाने हा इतिहास तटस्थपणे ऐकावा, पण परका म्हणून ऐकू नये. कृष्णेच्या बाबतीत महाराष्ट्र वरच्या अंगाला आहे आणि कर्नाटक खालच्या. १९६९ मध्ये नेमलेल्या बचावत न्यायाधिकरणाने महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट पाणी दिले, तेव्हा कावेरीवर वरच्याच्या हक्काची बाजू मांडणारे राज्य कृष्णेवर खालच्याचीही बाजू मांडत होते. आणि अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली-कोल्हापुरास पूर येतो, ही महाराष्ट्राची तक्रार वरच्या राज्याने खालच्याविरुद्ध केलेली आहे. नदी बदलली की वकिलीही बदलते. प्रत्येक राज्य कोठे तरी वरचे असते आणि कोठे तरी खालचे. हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्याचे म्हणणे ऐकणे थोडे सोपे जाते.

२०१८ च्या जूनमध्ये कावेरीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरीही २०२३ साली पाऊस ओढला, तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस बंगळूर बंद आणि पाठोपाठ कर्नाटक बंद झालाच. निवाड्याने सरासरी वर्षाचे पाणी वाटले आहे. तुटीच्या वर्षी सर्वांचे वाटे प्रमाणात कमी व्हावेत, हे तत्त्व लिहिलेले आहे. परंतु कोणत्या महिन्यात, किती आणि कोणी मोजून, यावर दोन्ही काठांची मनापासून संमती अद्याप झालेली नाही. पावसाळा चांगला असला की हा प्रश्न कोणी काढत नाही, आणि पावसाने दगा दिला की तो शांतपणे काढण्याची वेळ निघून गेलेली असते. कावेरीचा खरा तह दुष्काळात होणार नाही. तो करावयाचा तर सुकाळात, धरणे भरलेली असताना करावा लागेल.

अत्तिबेल्याच्या हद्दीवरून आज पुन्हा वाहनांची रांग दोन्ही बाजूंना वाहते आहे. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांतून सुटलेला कामगार होसूरला आपल्या घरी जातो, आणि त्याच्या घरचा तांदूळ व त्याच्या कारखान्याचे पाणी यांचा हिशेब कोणत्या तारखेच्या कागदावर सुरू झाला, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची सक्ती त्याच्यावर नाही. जे त्याच्या नावाने भांडतात, त्यांनी मात्र तो कागद एकदा दोन्ही बाजूंनी वाचावा.